ट्रॅफिक एक्स्चेंजमधून वेबसाइटला व्हिजिटर मिळवायचे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत छोट्या वेबसाइट चालवणारी माझ्या ओळखीची बरीच मंडळी आहेत. कुणाची पाककृतींची, कुणाची शेतीची, कुणाची स्पर्धा परीक्षांच्या नोट्सची. साइट सुरू होऊन दोन महिने झाले की जवळपास प्रत्येकाचा फोन येतो, 'अरे, ते फुकटात व्हिजिटर देणारं काहीतरी असतं ना?' दर वेळी तेच सांगायचा कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी स्वतः हा उद्योग काही महिने केलेला आहे, त्यामुळे हातचं राखून लिहीत नाही.

ट्रॅफिक एक्स्चेंज म्हणजे नेमकं काय?

तुम्ही इतरांच्या वेबसाइट बघायच्या, त्याबद्दल क्रेडिट मिळवायचं आणि ते क्रेडिट खर्च करून इतरांना तुमची वेबसाइट बघायला लावायची. एवढंच. खातं उघडलं, साइटचा पत्ता टाकला आणि 'सर्फ'चं बटण दाबलं की काम सुरू.

भिशी डोळ्यांपुढे आणा. भिशीत पैसे वाढत नाहीत, फक्त आपली पाळी येते. इथेही तसंच, फरक इतकाच की भिशी चालवणारा तुमच्या हप्त्यातला निम्मा भाग स्वतःकडे ठेवून घेतो. बऱ्याच एक्स्चेंजमध्ये फुकट सदस्याला दोनास एक असं प्रमाण असतं: दोन साइट बघाल तेव्हा तुमची एकदा दिसेल. उरलेल्या भेटी चालक विकतो. काही ठिकाणी एकास एक मिळतं. २००३ पासून चालू असलेलं ईझीहिट्सफोरयू हे त्यातलं जुनं नाव.

ही कल्पना आली कुठून?

सर्च इंजिनं धड नव्हती तेव्हाची ही गरज आहे. १९९५ मध्ये सेज वाइल या तरुणाने वेबरिंग सुरू केली. एकाच विषयाच्या साइट साखळीने जोडायच्या आणि प्रत्येकीवर 'पुढची साइट', 'मागची साइट' अशी बटणं ठेवायची. त्यात टायमर नव्हता, क्रेडिट नव्हतं. वाचक आवडीने पुढे जायचा.

१९९६ मध्ये टोनी शे आणि संजय मदन यांनी लिंकएक्स्चेंज काढली. तुमच्या साइटवर इतरांच्या दोन जाहिराती दाखवा, तुमची एक जाहिरात दुसरीकडे दिसेल, असा तिचा हिशेब होता. उरलेली निम्मी जागा कंपनी विकायची. दोन वर्षांत मायक्रोसॉफ्टने ती २६.५ कोटी डॉलरला विकत घेतली. दोनास एक हे प्रमाण तेव्हापासूनचं आहे, आणि त्यात नेमकं कोण श्रीमंत झालं हेही तेव्हाच दिसलं होतं.

प्रत्यक्ष सर्फिंग करताना समोर काय दिसतं?

स्क्रीनच्या वर एक बारीक पट्टी आणि खाली कुणाची तरी साइट. पट्टीत उलटी मोजणी चालते: एकोणीस, अठरा, सतरा. शून्य झालं की पाच छोटी चित्रं उमटतात. छत्री, कुत्रा, सायकल, छत्री, केळं. सारखी असलेली दोन ओळखून त्यातल्या एकावर टिचकी मारायची, म्हणजे समोर माणूस आहे याची खात्री. क्रेडिट जमा, पुढची साइट. पुन्हा एकोणीस, अठरा.

खालच्या साइटकडे तुम्ही किती बघाल? मी पहिल्या दिवशी दहा-बारा बघितल्या. दुसऱ्या दिवशी डोळे फक्त पट्टीवर. तिसऱ्या दिवसापासून दोन एक्स्चेंज दोन टॅबमध्ये उघडून एकाचा टायमर संपेपर्यंत दुसऱ्याची चित्रं दाबायला लागलो. बोटांना इतकी सवय झाली की बायको समोर चहा ठेवून गेली तरी कळायचं नाही. आणि मग उजेड पडला, की माझी साइट ज्यांच्यासमोर येते ते सगळे असेच बसलेले असणार.

मॅन्युअल आणि ऑटोसर्फ यात फरक काय?

मॅन्युअलमध्ये वर सांगितलं तसं माणूस क्लिक करतो. ऑटोसर्फमध्ये टॅब उघडून किंवा त्यांचं छोटं सॉफ्टवेअर चालू करून तुम्ही झोपायला जाता. पानं आपोआप बदलत राहतात आणि तुमच्या साइटवरही असेच बिनमाणसाचे व्हिजिटर येतात. रिकाम्या खुर्च्यांपुढे कीर्तन. शिवाय रात्रभर तुमच्या संगणकावर आणि तुमच्या आयपी पत्त्यावरून काय काय उघडतंय ते तुम्हाला माहीत नसतं. ऑटोसर्फच्या वाटेला जाऊच नका.

एका तासात किती व्हिजिटर मिळतात?

कागदावर मांडूया. टायमर वीस सेकंदांचा, चित्र शोधणं आणि पान लोड होणं धरून चोवीस सेकंद. तासाला १५० पानं. दोनास एक प्रमाणाने तुमच्या वाट्याला ७५ भेटी. एक पान दोन एमबीचं धरलं तर तासाला ३०० एमबी डेटा जातो. दिवसाला दीड जीबीवाला मोबाइल पॅक असेल तर त्याचा पाचवा हिस्सा या एका तासात संपला. आणि मान अवघडते ती वेगळी.

रोज एक तास महिनाभर म्हणजे तीस तास. तेवढ्या वेळात बरा लेख सहा-सात वेळा लिहून होतो.

पण मॅन्युअलमध्ये माणसं तर खरीच असतात ना?

असतात, अगदी हाडामांसाची. अडचण त्यांच्या खरेपणाची नाहीच. तिथे आलेल्या प्रत्येकाला स्वतःचं काहीतरी दाखवायचं असतं. आठवडी बाजारात सगळे पाल टाकून बसलेत आणि घ्यायला कुणीच आलेलं नाही, अशी ती जागा आहे. त्यातून ही मंडळी जगभर पसरलेली. मराठी वाचणारा त्यात सापडला तर नशीब. तुमचा 'उन्हाळी भुईमुगावरचा टिक्का रोग' हा लेख ब्राझीलमधल्या एखाद्या क्रिप्टोवाल्यासमोर वीस सेकंद उभा राहतो आणि निघून जातो.

माझी साइट एक्स्चेंजमध्ये टाकली तर पांढरं पान दिसतं. का?

हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो. एक्स्चेंज तुमचं पान स्वतःच्या पानातल्या चौकटीत, म्हणजे फ्रेममध्ये उघडतं. तुमच्या सर्व्हरने 'एक्स-फ्रेम-ऑप्शन्स' हा हेडर पाठवला असेल, किंवा सिक्युरिटी पॉलिसीत 'फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स'ची अट असेल, तर ब्राउझर ते पान परक्या चौकटीत दाखवत नाही. फेसबुक किंवा गूगलचं मुख्यपृष्ठ तिथे उघडत नाही ते याच कारणाने.

वर्डप्रेसच्या काही सिक्युरिटी प्लगइनमुळे हा हेडर आपोआप लागतो. लगेच काढून टाकू नका. कुणीतरी तुमचं पान अदृश्य चौकटीत ठेवून त्यावर वाचकाला फसवून क्लिक करायला लावू नये, म्हणून तो असतो. एक्स्चेंजसाठी साइटचं कुलूप काढणं म्हणजे पाहुणे येणार म्हणून दारच उखडून ठेवणं.

अ‍ॅनालिटिक्समध्ये (गूगलचं भेटी मोजायचं साधन) तर आकडे झकास दिसतात. मग वाईट काय?

इथे थोडं थांबून सांगतो, कारण चांगली हुशार माणसंही इथे फसतात. जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्समध्ये पाहुणा एकच पान बघून गेला की तो बाउन्स धरला जायचा आणि पितळ लगेच उघडं पडायचं. १ जुलै २०२३ पासून ते बंद झालं आणि त्याची जागा जीए-फोरने, म्हणजे अ‍ॅनालिटिक्सच्या नव्या आवृत्तीने घेतली. यात भेट दहा सेकंदांहून जास्त टिकली की ती 'एंगेज्ड', म्हणजे गुंतलेली भेट मानली जाते. आता एक्स्चेंजचा टायमर किती सेकंदांचा? पंधरा, वीस, कधी तीस. टॅब समोर उघडा असला की अशी भेट सरसकट 'गुंतलेली' ठरते. व्हिजिटरने तुमचं एक अक्षर वाचलेलं नाही आणि रिपोर्ट सांगतो की वाचक रमला.

खरं चित्र बघायचं तर 'ट्रॅफिक अ‍ॅक्विझिशन' रिपोर्टमध्ये सोर्सनुसार आकडे पाडा. एक्स्चेंजचं नाव 'रेफरल' म्हणून वेगळं दिसतं. मग त्या ओळीपुढे बघा: दुसरं पान किती जणांनी उघडलं, किती खाली स्क्रोल केलं, फॉर्म किती भरले. सेटिंगमध्ये 'नको असलेले रेफरल' अशी यादी असते. तिथे एक्स्चेंजचा पत्ता टाकला की त्या भेटी गाळल्या जातात, असा समज आहे. त्या गाळल्या जात नाहीत, फक्त 'डायरेक्ट' या नावाखाली जाऊन बसतात आणि गोंधळ आणखी वाढतो.

सर्च कन्सोल मात्र या खेळाने फुगत नाही. तिथे गूगल सर्चमधून आलेलेच क्लिक मोजले जातात. मी कुणाच्या साइटची तब्येत बघायची झाली तर आधी तेच उघडायला सांगतो.

साइटवर अ‍ॅडसेन्स, म्हणजे गूगलच्या जाहिराती आहेत. एक्स्चेंज वापरलं तर चालेल?

नाही.

कारणासकट हवं असेल तर: पैसे देऊन क्लिक करवणारे, पैसे देऊन सर्फ करवणारे, ऑटोसर्फ आणि क्लिक एक्स्चेंज, या सगळ्यांची नावं घेऊन अ‍ॅडसेन्सच्या नियमांत मनाई केलेली आहे. जाहिरातदार पैसे मोजतो ते बघणाऱ्याला रस असेल म्हणून, आणि इथे रस फक्त टायमरमध्ये असतो. अशी ट्रॅफिक सापडली की कमाई कापली जाते, जाहिराती थांबतात किंवा खातंच बंद होतं. बंद झालेलं खातं परत मिळवायला अपील करता येतं, पण त्यावर विसंबून राहू नका.

माझ्या ओळखीतल्या एका शिक्षकाचं असंच झालं. कमाई दहा डॉलर झाल्यावर पत्ता तपासायला गूगलकडून येणारं पिनचं पाकीट पोस्टमनने आणून दिलं तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत, आणि ऐंशीच्या पुढे काटा हलेना. म्हणून त्यांनी दोन एक्स्चेंज लावली. पंधरा दिवसांत मेल आला, खातं बंद. ऐंशीही गेले. पेढे मात्र लोकांच्या लक्षात राहिले.

आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, सगळे मराठी ब्लॉगर एकमेकांच्या साइटवर जातात. तेही यातच येतं का?

एकमेकांचे लेख वाचत असाल तर उत्तमच, वाचा. पण 'मी तुझ्या जाहिरातीवर दोन क्लिक केले, स्क्रीनशॉट टाकलाय, आता तू कर' असं चालत असेल तर ते क्लिक एक्स्चेंजच आहे, मग ग्रुपचं नाव 'मायमराठी लेखक परिवार' असलं तरी. तेच पंधरा-वीस फोन, तेच पत्ते, रोज ठरावीक वेळेला. हे ओळखायला गूगलला फार डोकं लागत नाही. आणि एकाचं खातं गेलं की पाठोपाठ इतरांची जातात. मग ग्रुपमध्ये 'कोणी चुगली केली' यावर भांडण. मी हे भांडण दोन ग्रुपमध्ये वाचलंय.

व्हिजिटर वाढले की गूगलमध्ये साइट वर येते ना?

येत नाही. अ‍ॅनालिटिक्समधले आकडे क्रमवारीसाठी वापरत नाही, असं गूगलने अनेकदा सांगितलेलं आहे. एक्स्चेंजच्या चौकटीत उघडलेलं पान ही काही तुमच्याकडे आलेली लिंकही नव्हे. आणि फक्त लिंकांची देवाणघेवाण करायला गेलात तर अतिरेकी लिंक एक्स्चेंज गूगलच्या स्पॅम नियमांत बसतं.

हा समज आला कुठून, तर अलेक्सा रँकमधून (बोलणारी अलेक्सा नव्हे, साइटची क्रमवारी लावणारी जुनी सेवा). ब्राउझरला तिचा टूलबार लावलेल्या लोकांच्या भेटींवर अलेक्सा साइटची क्रमवारी काढायची. सर्फ करणाऱ्यांनी टूलबार लावला की रँक सुधारायचा, आणि तो दाखवून जाहिराती मिळवता यायच्या. १ मे २०२२ ला अ‍ॅमेझॉनने अलेक्साची ती सेवाच बंद केली. तरी 'अलेक्सा रँक वाढवा' असं सांगणारी एक्स्चेंज अजून दिसतात. दुकान बंद झालं, पाटी तशीच.

यूट्यूबसाठी असंच करता येईल का? 'सब फॉर सब', म्हणजे तू माझं चॅनल सबस्क्राइब कर, मी तुझं?

यूट्यूबच्या खोट्या एंगेजमेंटविषयीच्या नियमात 'सब फॉर सब'ला नाव घेऊन बंदी आहे. आणि असे मिळवलेले हजार सबस्क्रायबर पुढचा व्हिडिओ बघत नाहीत, त्यामुळे जाहिरातींची कमाई सुरू व्हायला लागणारे बघण्याचे चार हजार तास काही भरत नाहीत.

एका प्लॅनमध्ये व्हिजिटरही मिळतात आणि जाहिराती बघायचे पैसेही. घेऊ का?

हा प्रश्न आला की मी फोनवर आवाज चढवतो, आधीच माफी मागतो.

आतापर्यंत बोललो ते वेळ वाया घालवणारं होतं. इथून पुढे पैसा जातो. एक्स्चेंजचा मुखवटा घातलेल्या साखळी योजना फार जुन्या आहेत. अमेरिकेत ट्वेल्व्हडेलीप्रो नावाचं ऑटोसर्फ होतं. सहा डॉलरचं एक युनिट घ्या, रोज बारा साइट बघा, बारा दिवस रोज बारा टक्के मिळवा. म्हणजे बारा दिवसांत १४४ टक्के परत. फेब्रुवारी २००६ मध्ये तिथल्या एसईसीने, म्हणजे शेअर बाजार नियामकाने, ते बंद पाडलं तेव्हा तीन लाखांहून जास्त लोकांचे पाच कोटी डॉलरहून अधिक त्यात अडकलेले होते. कंपनीकडे आलेल्या पैशातला किमान ९५ टक्के हिस्सा नव्या सदस्यांचाच होता, असं एसईसीचं म्हणणं.

दहा वर्षांनी तेच नाटक, नवे कपडे. ट्रॅफिक मॉन्सून, जुलै २०१६. पन्नास डॉलरचा 'अ‍ॅडपॅक' घेतला की हजार व्हिजिट, बॅनरवर वीस क्लिक आणि वर हळूहळू पंचावन्न डॉलर परत. एसईसीने न्यायालयात सांगितलेला आकडा १ लाख ६२ हजार लोक आणि २० कोटी ७० लाख डॉलर. त्यातले सुमारे ९० टक्के लोक अमेरिकेबाहेरचे.

आणि आपल्याकडे नोएडाचं सोशलट्रेड. ५,७५० पासून ५७,५०० रुपयांपर्यंतची पॅकेज, घरी बसून लिंक दाबायच्या, एका क्लिकला पाच रुपये. फेब्रुवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या एसटीएफने, म्हणजे विशेष पथकाने, छापा घातला. सुमारे ३,७०० कोटींचा व्यवहार आणि साडेसहा लाखांच्या आसपास लोक, असा पोलिसांचा आरोप होता.

ओळखायची खूण साधी आहे. क्लिक करायला पाच रुपये मिळतात, तर ते देतंय कोण, असं विचारा. खरा जाहिरातदार दाखवता आला नाही आणि भावकीतल्या दोघांना जोडायला सांगितलं, की उठून या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेतही जाता येतं. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे. लाज वाटते म्हणून लोक महिना घालवतात आणि तोवर खाती रिकामी होतात.

मग एक्स्चेंजचा काहीच उपयोग नाही?

थोडा आहे. तुमचा माल वेबसाइट चालवणाऱ्यांनाच विकायचा असेल, म्हणजे होस्टिंग, थीम, लोगो, ईमेलची साधनं, तर तिथे बसलेले सगळे तुमचे ग्राहक आहेत. त्यातले मुरलेले लोक तिथे आख्खी साइट टाकतच नाहीत. एक मोठं चित्र, एक ओळ आणि ईमेलसाठी एक रकाना असलेलं पान टाकतात. वीस सेकंदांत तेवढंच पोहोचतं हे त्यांना पाठ असतं.

दुसरा उपयोग म्हणजे नवीन पान वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये उघडतं का हे कळतं. पण त्यासाठी शंभर भेटी खूप झाल्या.

तरीही करून बघायचंच आहे. काय सांभाळू?

ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल करा, ज्यात बँक, मेल, काही लॉगिन नसेल. इथे येणाऱ्या अनोळखी साइटवर नोटिफिकेशनला 'अलाउ' म्हणू नका, काही डाउनलोड करू नका. पासवर्ड वेगळा ठेवा, मेलचा पत्ताही वेगळा, कारण तो पत्ता पुढे विकल्यासारखा मेलचा पाऊस पडतो. साइटचं मुख्यपृष्ठ न टाकता जाहिराती आणि अ‍ॅनालिटिक्स नसलेलं एक स्वतंत्र पान टाका. 'आजीवन सदस्यत्व, आज निम्म्या किमतीत' असं आलं की कार्ड खिशातच राहू द्या. क्रेडिट विकत घेण्याबद्दलही हेच उत्तर.

मग मराठी साइटने वाचक आणायचे कुठून?

याचं पूर्ण उत्तर द्यायला दुसरं पान लागेल. इथे फक्त आमच्या घरातलं सांगतो.

वहिनी शिवणकाम करते आणि ब्लाउज कटिंगची एक मराठी साइट आम्ही दोघं चालवतो. सुरुवातीला मीच ती एक्स्चेंजवर टाकली होती. महिन्याभरात चारशेच्या वर भेटी आल्या आणि मापांचा तक्ता डाउनलोड केला फक्त एकाने. तो एक म्हणजे मीच, लिंक चालते का ते बघायला. वहिनी म्हणाली, 'भाऊजी, हे लोक शिवतात तरी का?'

मग तिने स्वतःच्या पद्धतीने केलं. तालुक्याच्या शिवणक्लासमधल्या बायका तिला फोनवर पुन्हा पुन्हा एकच विचारायच्या: कटोरी ब्लाउजला छातीच्या मापातून कटोरी किती धरायची? तिने तेवढ्याच प्रश्नावर एक पान लिहिलं. खडूच्या खुणांसकट कापडाचे चार फोटो फरशीवर ठेवून काढले आणि लिंक क्लासच्या ग्रुपवर टाकली. त्यातल्या कुणीतरी ती सोलापूरच्या बहिणीला पाठवली, तिने आणखी कुणाला. पुढे सर्च कन्सोलमध्ये लोक काय टाइप करून येतात ते दिसायला लागलं, आणि त्या शब्दांवरूनच पुढची पानं ठरत गेली. बाही, गळा, अस्तर.

परवा एका बाईंचा साइटवरूनच मेल आला. तक्त्यात ३८ च्या छातीला मुंढ्याचं माप अर्ध्या इंचाने चुकलंय, म्हणाल्या. वहिनीने टेप काढून मोजलं. खरंच चुकलं होतं. तक्ता दुरुस्त करून पुन्हा चढवलाय.